भिंतीमागचा भराव

“काजं पाडल्यात का उंदरांनी कुरतडल्यात, कुणाला ठावं,” म्हाळू मुकादम कुणाच्या कानी जाऊ नये अशा बेतानं पुटपुटला. पण दौंडच्या रेल्वे चाळीतली ती खोली एवढीशी, की एकानं जांभई दिली तर दुसऱ्याचं तोंड उघडावं. चुलीपुढं बसलेल्या रंभेला सगळं ऐकू आलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, हाताचं पीठ परातीत झटकलं, उठून नवऱ्यापुढं उभी राहिली आणि त्याच्या खाकी सदऱ्याची बटणं पहिल्यापासून परत लावली. गळ्याजवळचं बटण भलत्याच काजात गेलं होतं आणि तिथून खाली सगळी ओळ एकेक घर सरकली होती.

“काजं नीट हायती,” ती म्हणाली.

“मग बटनं वाकडी लावली आसशील.”

“लावली आसतील.”

तेवढ्यावर भागलं. दोन वर्षं हे असंच भागत होतं. मिठाची बरणी उजवीकडं, तिखटाची डावीकडं, पाण्याचा तांब्या उंबऱ्यापासून दोन वितींवर, चपला भिंतीला टेकून. ही मांडणी रंभेनं कुणाला न सांगता करून टाकली होती आणि म्हाळूनं कुणाला न विचारता मानून घेतली होती. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर दुधावर साय धरावी तसा पडदा धरला होता. उजेड कळायचा. समोर माणूस आहे का खांब आहे, ते मात्र माणूस बोलल्यावरच कळायचं. पण ‘दिसत नाही’ असं त्या घरात कुणी कधी म्हणालं नव्हतं. ‘आज उजेड कमी हाय’ किंवा ‘चुलीचा धूर लई झाला’ असं म्हणायचं. चैत्रातल्या भर दुपारीसुद्धा त्या खोलीत उजेड कमी असायचा.

त्याला कारण होतं. म्हाळू रेल्वेच्या लाईनीवरच्या गँगचा मुकादम. सव्वीस वर्षांची नोकरी, त्यातली अकरा मुकादमकीची. मुकादमाची सगळी किंमत डोळ्यांत, म्हणून दर काही वर्षांनी सोलापूरला नेऊन डोळे तपासायचे. मागच्या खेपेला म्हाळू पास झाला होता, पण कसा झाला ते त्याला आणि रंभेलाच ठाऊक. रांगेत त्याच्यापुढं सात माणसं होती. सातही जणांनी भिंतीवरच्या तक्त्यावरचे आकडे मोठ्यानं वाचले. म्हाळूनं ते सात वेळा ऐकले आणि आठव्या वेळी आपण म्हणून दाखवले. डॉक्टर म्हणाला, वा. आता पुढची तपासणी जानेवारीत होती. तिथं नापास झालं, की गँग हातातून जाणार आणि हापिसाच्या दारात पाण्याच्या पिंपाशेजारी स्टुलावर बसवणार. हरिबा मुकादमाला तसंच बसवलं होतं. तवापास्नं हरिबानं मान वर केली नाही, असं म्हाळू सांगायचा. त्यानं ते रंभेला पाच-सहा वेळा तरी सांगितलं असेल, आणि दर वेळी पहिल्यांदाच सांगतोय अशा तोंडानं.

तर अशी जानेवारीची वाट न बघणं चाललेलं असताना वादळ आलं.

दसरा झाला होता. धम्मचक्राचा दिवस झाला होता, चाळीतल्या बायकांनी पांढरी लुगडी धुऊन घड्या घालून ठेवली होती. पाऊस गेला असं सगळ्यांनी धरलंच होतं. आणि दुपारी चारला एकदम अंधारून आलं. वारा असा सुटला की गुड्स-शेडचे पत्रे नदीपर्यंत गेले आणि नदीकाठच्या बाभळी मुळासकट उपटून आडव्या झाल्या. रात्रभर पाऊस पडत राहिला. सकाळी गाव बघायला गेलं, तेव्हा भीमा पुलाच्या कमानीला लागली होती. मनमाडकडं जाणारी लाईन पुलावर चढते, तिथं नदीच्या अंगाला इंग्रजांच्या वेळची दगडी भिंत होती. लाईनीखालचा सगळा भराव तिच्याच पाठीला टेकून उभा. ती भिंत शंभर फूट लांबीत बसली आणि तिच्यामागचा भराव नदीनं चाटून नेला. रूळ तेवढे राहिले, स्लीपरांसकट हवेत लोंबत, एखादी शिडी दोन्ही टोकांना धरून आडवी टांगावी तसे.

नगरची गाडी बंद झाली. श्रीगोंद्याकडची माणसं डोक्यावर बोचकी घेऊन वळसा मारून येऊ लागली. तळेगाव ढमढेऱ्याकडच्या खाणींवरचे वडार बिऱ्हाडासकट आणले गेले. त्यांच्या दगड घडवायच्या सुतक्या आणि छिन्न्या दिवस उगवायला सुरू व्हायच्या. वाघिणी भरभरून मुरूम येऊ लागला. आणि लाईन परत बसवायचं काम म्हाळूच्या गँगकडं आलं.

अठरा दिवस ते काम चाललं आणि अठराही दिवस रंभा दुपारची भाकरी घेऊन गेली. खरं तर चाळीतल्या बायकांनी पाळ्या लावल्या होत्या. पण रंभेला दुसरीची पाळी धकत नव्हती. शेजारची सोजरबाई, पॉइंट्समनची बायको, दारात तांदूळ निवडत म्हणाली, “नव्या नवरीवानी पळती बया रोज. न्हवरा कुठं पळून चाललाय व्हय?”

“पळाला तर बरं हाय की. दोन भाकरी कमी लागतील,” रंभा म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन चालू लागली.

नवरा पळून जाईल ही भीती नव्हती. नदीकाठच्या त्या मोडलेल्या लाईनीवर पाय कुठं पडेल, ही होती.

तिसऱ्या दिवशी तिनं ते बघितलं.

लाईन सरळ करायची गँगची एक रीत असते. मुकादम चाळीसेक पावलं लांब जातो, गुडघे टेकतो, रुळावर गाल ठेवतो आणि एक डोळा मिटून रुळाच्या कडेनं बघतो. दहा-बारा गडी पहारी रुळाखाली घालून उभे. मुकादमाचा हात नदीकडं झाला, की सगळ्यांनी एका दमात रूळ नदीकडं रेटायचा, शेताकडं झाला की शेताकडं. दोन्ही हात खाली पडले, की बास. मोठमोठे इंजिनियर दुर्बिणी घेऊन आले तरी शेवटची लाईन मुकादमाच्या गालाखालूनच जाते, असं म्हाळू म्हणायचा आणि ते खरंच होतं.

रंभा बाभळीच्या ओंडक्यावर बसून बघत होती. म्हाळूनं रुळावर गाल ठेवला. त्याचा हात शेताकडं झाला. गड्यांनी “हां रं” केलं आणि रूळ नदीकडं रेटला.

तिला वाटलं आपलंच चुकलं. परत बघितलं. म्हाळूचा हात नदीकडं, गडी जागचे हलले नाहीत, नुसत्या पहारी वाजवल्या. मग तिला कळलं, की गड्यांच्या माना मुकादमाकडं असल्या तरी डोळे खाली आहेत, गेणबाच्या पायाकडं. गेणबा रांगेत पहिला उभा होता. त्यानं उजव्या पायातली टायरची चप्पल काढून ठेवली होती. अंगठा वर झाला की गडी रूळ नदीकडं रेटायचे, बोटं आत वळली की शेताकडं. अंगठा मातीत दाबला की गेणबा मोठ्यानं विचारायचा, “बास का मुकादम?” आणि लांबून म्हाळू दोन्ही हात सोडून म्हणायचा, “बास.” त्याआधी पाणी प्यायचं निमित्त करून गेणबा रुळाशेजारी उकिडवा बसायचा, चप्पल सारखी करायचा आणि तेवढ्यात रुळाच्या कडेनं नजर टाकून यायचा.

गेणबा निमोण्याचा धनगर. त्याच्या बापापर्यंत घराण्यानं मेंढरंच राखलेली. नदीपलीकडच्या कळपातलं आपलं कोकरू हा अलीकडून ओळखायचा. घारीची नजर. पहिल्या वर्षी गँगमध्ये आला, तेव्हा हाच गेणबा म्हाळूकडं पाठ करून आपली भाकरी खायचा. सोवळ्यात असल्यासारखा आपला तांब्या वेगळा ठेवायचा. आता त्याला रंभेच्या हातचा ठेचा नसला तर घास उतरत नव्हता. मधल्या काळात जे झालं त्यात संपही होता. चौऱ्याहत्तरच्या संपात गँग घरी बसली, तेव्हा हापिसानं विचारलं होतं, माणसं कुणी फितवली? म्हाळू म्हणाला, मी. कुणीच कुणाला फितवलं नव्हतं, पण तो म्हणाला, मी. त्यापायी सहा महिने त्यानं घरी बसून काढले. त्याचं देणं गँग आता अशी फेडत होती, न बोलता, पायाच्या अंगठ्यानं.

रंभा ओंडक्यावर बसून राहिली. गडी हसले असते तर तिला एखादी शिवी तरी देता आली असती. पण कुणी हसत नव्हतं. दहा-बारा दाढी वाढलेले बाप्ये देवळात उभं राहावं तसे गंभीर होऊन एका अंगठ्याकडं बघत होते.  मग ती उठली, पाटीवरचं फडकं सोडलं आणि जेवायला हाक मारली. त्या दिवशी तिनं गेणबाला ठेचा जरा जास्त वाढला. गेणबानं ताटलीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि भाकरी मोडली.

काम वर येत गेलं. वडारांनी भिंत पुरुषभर चढवली, मग दोन पुरुष. मागं मुरूम पडत गेला, धुमसानं ठोकला गेला. त्यावर खडी, खडीवर स्लीपर, स्लीपरांवर रूळ. दर दुसऱ्या दिवशी साहेब ढकलट्रॉलीवर छत्री लावून यायचे. सोलापूरचे साहेब, मराठी बोलता बोलता हिंदीत घसरणारे, स्वभावानं गरीब पण घाईत. वरून त्यांना रोज तार येत होती. बाया पाट्या टाकून दमायच्या, वडारांची पोरं मुरमाच्या ढिगावरून घसरायची. रंभेला त्या भिंतीचा लळाच लागला. घरी येऊन ती सोजरबाईला आज किती थर चढले ते सांगायची आणि सोजरबाई म्हणायची, तुझ्या बापाचा वाडा बांधतायत जसा.

सतराव्या दिवशी रूळ जोडून झाले. दुपारी भाकरी खाऊन गडी तंबाखू मळत होते. म्हाळू एकटाच पहार घेऊन नव्या तुकड्यावरून चालत होता. पायानं स्लीपर चाचपायचा, पहारीचं टोक त्यावर आपटायचा, पुढं जायचा. भिंतीच्या मधोमध आल्यावर थांबला. परत आपटली. मागं दोन स्लीपर गेला, परत आला. मग खाली बसला आणि रुळावर गाल नव्हे, कान ठेवला.

“गेणबा,” त्यानं हाक मारली. “हितं पोकळ वाजतंय.”

गेणबा तंबाखू थुंकून उठला. आला, पहारीचे दोन टोले घातले, रुळाच्या कडेनं पुढं बघितलं, मागं बघितलं. लाईन सुतात होती. ती त्यानं स्वतःच सुतात लावली होती. 

“व्हय मुकादम,” तो म्हणाला, “बघतो.” आणि दोन गड्यांना सांगून त्यानं दोन पाट्या खडी त्या जागी ओतून ठोकून घेतली.

‘व्हय मुकादम’ म्हणायची गँगला सवयच झाली होती. दोन वर्षं ते हेच म्हणत होते आणि करायचं ते आपल्या मतानं करत होते. त्यात कुणाला वाईट वाटायचं काही नव्हतं. म्हाताऱ्या बापानं दहादा सांगितलं की आपण दहादा व्हय म्हणतो, तसंच ते. म्हाळू पहार टेकून उभा राहिला आणि खडी ठोकल्याचे टोले त्यानं मोजले.

संध्याकाळी दोघं लाईनीच्या कडेनं घरी निघाले. रंभा पुढं, रिकामी पाटी कमरेवर, आणि तो तिच्या जोडव्यांच्या आवाजामागं. हीपण एक न ठरवलेली रीत होती. रस्ता वाईट असला की ती पाय जरा आपटून टाकायची.

“खणलं न्हाई त्यांनी,” तो म्हणाला.

“खडी टाकली की.”

“खडी वरनं टाकली. पोकळी खाली हाय. भरीव जागी आपटलं तर आवाज आत बसतो. तितं आवाज माघारी येतो.” थोडं चालून म्हणाला, “मी गँगमधी नवा गडी, खलाशी, होतो तवा त्या भरावात एक मोरी हुती. दगडी, माणूस वाकून जाईल येवढी. शेतातलं पानी नदीत काढायला. नदीकडचं तोंड गाळानं बुजलं, लोक इसारले. पुरानं भराव नेला तरी तिचं शेताकडचं आंग मातीत तसंच हाय. आता तिच्या तोंडावर ही नवी भिंत आलीया. शेतात आजून पानी हाय. ते मोरीत येतंय आन् भायेर जायाला जागा न्हाई. मग ते मुरूम खातंय.”

रंभा थांबली. “मग त्यांना असं सांगायचं.”

“सांगितलं. व्हय म्हनले.”

“परत सांगायचं. दटावून.”

तो हसला, अगदी थोडं. “रंभे, माझा हात खाली यायच्या आदी पहारी वाजत्यात. दोन वर्सं ऐकतोय. माझ्या हातावर कोन काम करतंय? ती पोरं माझा मान राखत्यात. त्यांना दटावू कशाच्या जोरावर?”

म्हणजे त्याला ठाऊक होतं. रंभेला वाटलं होतं, तिला ठाऊक आहे, गँगला ठाऊक आहे, आणि त्याला तेवढं ठाऊक नाही. तो सगळं ऐकत होता आणि त्यांचा मान राखायला रोज चाळीस पावलं लांब जाऊन रुळावर गाल ठेवत होता. कोण कुणाला सांभाळत होतं, याचा तिला पत्ताच लागेना.

“सायबाला सांगा मग,” ती म्हणाली.

“सायेब म्हनंल, दाखव. बघून सांग किती बसलीया. मग?”  मग जानेवारी आजच येईल आणि हापिसाचं स्टूल उद्याच, हे दोघांनाही न बोलता ऐकू आलं. चाळ जवळ आल्यावर तो म्हणाला, “उद्या धाला इंजन चालवून बघनार. इंजन एकलं असतंय, हळू जातं. निभावून जाईल कदाचित. त्याच्या मागनं दुपारची पाशिंजर हाय. बाजारचा दिवस. डबं भरून माणसं आस्त्यात.”

दुसऱ्या दिवशी रंभेनं भाकरी सकाळीच थापल्या आणि आठलाच निघाली. सोजरबाईनं तोंड उघडलं होतं, पण रंभेचा चेहरा बघून ते तसंच मिटलं.

गँग आली होती, धुतलेले सदरे घालून, कारण साहेब येणार होते. वडारांनी भिंतीच्या टोकाला नारळ फोडून हळदकुंकू वाहिलं होतं. भिंत खरोखर देखणी झाली होती. काळा दगड, सांधे भरलेले, खाली शांत झालेली भीमा. रंभा सरळ गेणबापाशी गेली.

“गेणबा भावजी, त्या जागी खणून बघा.”

“कुठं, वैनी?”

“मुकादम म्हनले तितं. मधी. तितं जुनी मोरी हाय.”

गेणबानं टोपी मागं सारली. तिच्याविषयी त्याला माया होती, म्हणून तो समजावणीनं बोलला. मोरीचं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. लाईन एका सुतात होती, वर-खाली एक दोराही नाही. आता खणायचं म्हणजे स्लीपर उचला, खडी काढा, दोन दिवस परत गेले आणि साहेब जीव घेतील. “आन् वैनी, लाईन मी सोता…” तो बोलता बोलता थांबला. सोता काय, ते वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. रंभेनं मान खाली घातली आणि गेणबा आपल्या पायांकडं बघू लागला. दोन वर्षं शिवून ठेवलेलं पोतं एका धाग्यानं उसवायला आलं होतं आणि दोघांनी ते दोन्ही बाजूंनी घट्ट धरलं.

“खराब आसती तर मला दिसली नसती का,” गेणबा शेवटी म्हणाला, स्वतःशीच म्हणावं तसं.

साडेनवाला ट्रॉली आली. साहेब उतरले, छत्री मिटली. खाली बसून त्यांनीसुद्धा रुळाच्या कडेनं बघितलं, या टोकाकडून, मग त्या टोकाकडून. उठले तेव्हा त्यांच्या तोंडावर अठरा दिवसांत पहिल्यांदा हसू होतं.

“म्हाळू मुकादम,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “क्या नजर है! डिव्हिजनमध्ये अशी लाईन कुणी लावली नाही. मी लिहून पाठवणार आहे तुमच्यासाठी.”

गँगमधल्या एकाही गड्यानं वर बघितलं नाही. साहेबांनी वही उघडली, लाईन फिट असल्याचं पान काढलं आणि सही करायला पेन म्हाळूपुढं धरलं. म्हाळूनं हात पुढं केला तो पेनाच्या अंमळ उजवीकडं. साहेब घाईत होते, त्यांनी पेन हातात सरकवलं आणि पुलाकडं बघू लागले. दौंडकडून इंजिनानं एक लांब शिट्टी दिली. ते सिग्नलपाशी येऊन उभं होतं.

म्हाळूनं सही केली नाही.

“सायेब,” तो म्हणाला, “मधी पोकळ हाय. थोडं खणून बघू द्या.”

साहेबांना आधी ते नीट ऐकूच आलं नाही. मग त्यांनी विचारलं, कुठं पोकळ? म्हाळूनं सांगितलं, भिंतीच्या मधोमध. मोरीचंही सांगितलं. साहेबांनी नकाशा काढला. नकाशात मोरी नव्हती. ते त्या जागेवर जाऊन उभे राहिले, पाय आपटले, परत वाकून बघितलं. बसल्याची खूण नाही, चीर नाही. ते परत आले ते जरा चिडून.

“मुकादम, काल लाईन पास कुणी केली? तुम्ही. तुमचा बास आला, मगच मी वर तार केली. एका रात्रीत काय झालं? तुम्हीच बघितली ना?”

  इतक्या मोठ्या उजेडात म्हाळू पेन धरून उभा होता, नवी भिंत, नवे रूळ, सदऱ्याची बटणं सरळ, आणि साहेबांच्या तोंडाऐवजी त्यांच्या खांद्यापलीकडं कुठंतरी बघत होता.

“बोला ना. तुम्हीच बघितली ना लाईन?”

“मुकादमाचीच लाईन हाय, सायेब,” गेणबा मध्येच म्हणाला. “त्येंनीच लावली.” तो ते म्हाळूला वाचवायला म्हणाला. दुसऱ्या दोघा-तिघांनीही माना हलवल्या. व्हय, मुकादमांनीच.

“झालं तर मग,” साहेब म्हणाले, सुरात जरा मऊपणा आणून. “अठरा दिवस झोप नाही. होतं असं. थकलात तुम्ही. करा सही.”

इंजिनानं दुसरी शिट्टी दिली. ट्रॉलीवाल्यानं काठीला गुंडाळलेली हिरवी झेंडी सोडली आणि साहेबांकडं बघत राहिला.

रंभा ओंडक्यापाशी उभी होती, भाकरीची पाटी अजून डोक्यावर. तिला दिसत होतं की गँगनं मायेनं दार लावून घेतलं आहे आणि म्हाळू आत राहिला आहे. त्याला ते उघडता येणार नाही. ते त्याला भिण्यानं नव्हे, गेणबाला खोटं पाडायच्या लाजेनं उघडता येणार नाही. तिच्या डोळ्यांपुढं दुपारची पाशिंजर आली, दाराला लोंबणारी बाजारची माणसं, कोंबड्या, मेथीच्या जुड्या. मग ते स्टूलही आलं. तेही तिनं नीट बघून घेतलं.

तिनं पाटी उतरवली. कुणी हात लावायला पुढं यायच्या आत स्वतःच खडीवर ठेवली आणि पदर डोक्यावर सारखा करत ती रुळांमधून चालत साहेबांच्या पुढ्यात आली. सव्वीस वर्षांत मुकादमाची बायको साहेबाशी एक शब्द बोलली नव्हती. म्हाळूनं जोडव्यांचा आवाज ओळखला आणि मान वळवली. ती काय करणार ते त्याला कळलं असावं, कारण त्यानं पेन खाली केलं आणि तिला थांबवलं नाही.

“सायेब,” रंभा म्हणाली, “ह्यांना दिसत न्हाई. दोन वर्सं झाली. पन ह्यांनी कानानं ऐकलंय ते खरं हाय. हितं खणा.”